आंब्र्याची दहा नंबरांची यादी

घणसोली गावात एकोणीसशे शहाऐंशी साली अशी कुजबुज होती, की यशोदाबाईंच्या मागच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या नंदकिशोर आंब्रेने पिशाच बांधून ठेवलंय. कंपनीतून आला की तो दाराला आतून कडी लावतो, भिंतीकडे तोंड करून मांडी घालून बसतो, आणि मग ते पिशाच आधी कण्हतं, मग किंचाळतं, मग पत्रे आपटतं. शेजारची गोजरा तर सांगायची, की तो त्याला कोंबडीचं काळीज चारतो. नाहीतर दर महिन्याला त्याचा आवाज वाढला असता का? ही गोजरा स्वतःच्या नवऱ्याचं घोरणं शेजारच्या गल्लीत ऐकू जातं हे कधी कबूल करत नसे, पण आंब्र्याच्या पिशाचाचा आवाज गेल्या गणपतीत किती होता आणि दिवाळीत किती झाला, हे तिला तोंडपाठ होतं.

नळावर ती यशोदाबाईंना म्हणाली, "मावशे, खोली खाली करून घे. उद्या तुज्या अंगावं आलं तं?"

यशोदाबाई सत्तरीच्या. त्यांनी हंडा उचलला. "आयलं तं माज्या अंगावं येल. तुज्या अंगान आदीच येक बसलंय, त्याला जागा पुरनार नाय."

आता हा आंब्रे कोण, ते सांगायला हवं. मूळचा गुहागरकडचा, वय चौतीस, लग्न अजून नाही. महाप्याच्या एका कारखान्यात कॉम्प्रेसर हाऊसचा ऑपरेटर. तिथे तीन अजस्र कॉम्प्रेसर हवा दाबून सगळ्या प्लांटला पुरवायचे, आणि त्यांचा धडधडाट असा, की आत गेलेला माणूस हातवाऱ्यांनीच बोलायचा. कानात कापसाचे बोळे घालायचे हा नियम. आंब्रे ते खिशात ठेवायचा. कापूस घातला तर मशीन कसं ऐकणार, हे त्याचं म्हणणं. हातभर लांबीचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. दोन मिनिटांनी तो सांगायचा, तेल कमी आहे, किंवा अजून तीन महिने चालेल. बारा वर्षं तो असं सांगत होता आणि बारा वर्षं ते खरं ठरत होतं. त्या मुठीवर त्याची नोकरी उभी होती.

आणि त्याच कानांवर दुसरं एक उभं होतं, त्याची यादी.

सुभाष हा त्याचा शाळूसोबती, बोटीवर रेडिओ ऑफिसर. वर्षातून दोनदा यायचा आणि कॅसेटी आणायचा. परदेशातलं ते आडदांड संगीत, ज्यात गिटारी करवतीसारख्या चालतात, कुणी पत्र्याच्या पिंपांवर हातोडे मारतं, कुणी अर्धा तास एकच सूर धरून बसतं. बोटीवरच्या इतरांकडून घाईघाईत उतरवून घेतलेल्या त्या कॅसेटींवर बंदराच्या नावाखेरीज काही नसायचं. हॅम्बुर्ग एक. हॅम्बुर्ग दोन. योकोहामा. वाजवणारा कोण, कशाचं नाव काय, सुभाषलाही ठाऊक नसे. मग आंब्रेच बारसं करायचा, आणि नावं सुचणार कुठून, कंपनीतूनच. कूर्मगतीने चालणाऱ्या एका जडशीळ अल्बमचं नाव 'म्हातारा रोड रोलर'. दुसऱ्याचं 'पट्टा सुटला'. पत्रे आणि ड्रिल मशीनवाल्या जर्मनांचं 'शटडाऊनचा तिसरा दिवस'.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी तो त्या वर्षातले सर्वांत आवडलेले दहा अल्बम क्रमाने लिहून काढायचा. चार कार्बन घालून. एक प्रत सुभाषला, तीन पत्रमित्रांना. नियम कडक. तीनदा पूर्ण ऐकल्याशिवाय कुणाला यादीत जागा नाही, आणि ऐकताना चहासुद्धा प्यायचा नाही. मुलगी पाहायला गेल्यावर या माणसाने कधी चार वाक्यं धड विचारली नाहीत, पण दहावा नंबर कुणाला द्यायचा यावर आठवडाभर जेवण गोड लागायचं नाही त्याला.

शहाऐंशीच्या यादीत पहिला नंबर होता 'रिकामी टाकी'. त्याखाली आंब्रेने लिहिलं, 'दुसऱ्या बाजूला अकरा मिनिटं काहीच वाजत नाही. इतकी धीट शांतता आजवर कुणी वाजवलेली नाही. या वर्षी सुभाषने कॅसेटीही उत्तम आणल्या आहेत, त्यात पूर्वीसारखी खरखर अजिबात नाही.'

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुभाष आला तो ती प्रत खिशात घेऊनच. खाटेवर बसला आणि म्हणाला, "नंद्या, ही शांतता कुठली?"

"ऐकली नाहीस? बी साइड."

"ऐकली. लाव परत."

आंब्रेने लावली. सुरुवातीचा ढणढणाट संपला आणि ती शांतता आली. आंब्रे डोळे मिटून बसला. सुभाषने चेहरा आंबट केला आणि कानावर हात ठेवले.

"बंद कर रे, दात शिवशिवतात."

आंब्रे हसला. "चेष्टा पुरे."

"कोण चेष्टा करतंय? तारेवर गज घासतोय तो. बारीक, नुसती सुई. अकरा मिनिटं एक क्षण थांबलेला नाही." सुभाष त्याच्याकडे पाहत राहिला. "तुला खरंच ऐकू येत नाही?"

"येतं की," आंब्रे म्हणाला. "मी ते धरलं नाही, इतकंच."

सुभाष चहा पिऊन गेला. आंब्रेने दार लावलं आणि मनगटावरचं घड्याळ डाव्या कानाला लावलं. मग उजव्या. काटा फिरत होता. ऐकू काही येत नव्हतं.

त्या दिवसापासून त्याला दुसरा उद्योग उरला नाही. काय काय गेलंय याची तो झडती घेऊ लागला. समोरच्या घरात कुकरचं झाकण उडताना दिसायचं, शिट्टी नाही. गोजरा धुणं आपटायची तेव्हा तिच्या बांगड्या नुसत्याच हलायच्या. कौलावर चिमण्या चोची उघडायच्या आणि मिटायच्या. कॅसेटीत खरखर का नव्हती, तेही आता कळलं. माणसांचं बोलणं यायचं, पण त्यातले स, श कुठेतरी झडून यायचे. किती वर्षं हे चाललं होतं? आणि मशीन? बेअरिंग बिघडायला लागलं की आधी बारीक चिरकतं, धडधड नंतर येते. ते चिरकणं त्याने शेवटचं कधी ऐकलं होतं, हे त्याला आठवेना. गेली दोन वर्षं तो मुठीला कान लावून 'ठीक आहे' म्हणत होता. ते ठीक असायचं, की नशीब असायचं? जेवताना, अंघोळ करताना, बसच्या रांगेत तो हेच स्वतःला विचारत राहिला.

त्यात जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कंपनीत कान तपासायला माणसं यायची. एका खोलीत बसवून कानांवर टोप्या चढवायचे, मशीनमधून बारीक-जाड शिट्ट्या सोडायचे, ऐकू आली की बोट वर करायचं. नापास झालेल्याला कॉम्प्रेसर हाऊस बंद. स्टोअरला नाहीतर गेटवर. जन्मभर नट-बोल्ट मोजत बसायचं, आणि कंपनीभर बोभाटा, की कानाच्या आंब्र्याचा कानच गेला.

पाळीतला जोडीदार बाजीराव साताऱ्याचा. त्याने तपासणीच्या आदल्या दिवशी सहज सांगितलं, "काय न्हाई मर्दा. ती वैजयंती बाई बटन दाबते तवा कोपर हालतंय तिचं. म्या तर बघूनच बोट वर करतो. आपल्याला काय येळ हाय शिट्ट्या ऐकायला?"

बाजीरावाचे कान ठणठणीत होते, म्हणून त्याला ते सहज सांगता आलं. आंब्रे रात्रभर त्या कोपराचा विचार करत होता.

मंगळवारी त्याची पाळी आली. तपासणी करणाऱ्या वैजयंती दळवी चष्म्यातून कागद बघत होत्या. कोपर हललं, आंब्रेचं बोट वर. हललं, वर. जाड शिट्ट्या दोन-चार खऱ्या ऐकू आल्या, मग टोप्यांमध्ये फक्त त्याचं स्वतःचं रक्त घुमत होतं आणि तो डोळे फाडून कोपराकडे बघत होता. शेवटी बाई कौतुकाने म्हणाल्या, "आंब्रे, गेल्या वर्षीपेक्षा छान आलंय तुमचं. बाकीच्यांचं उतरतं, तुमचं चढलंय."

तो बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. पास झाल्यावर भीती कमी व्हायला हवी होती. ती दुप्पट झाली. आता काही झालं तर कागदावर त्याचे कान धडधाकट होते.

गुरुवारी पहिल्या पाळीत, साडेनऊच्या सुमाराला, बाजीरावाने दोन नंबरच्या कॉम्प्रेसरकडे बोट दाखवलं, आणि तोंड आंब्रेच्या कानाशी आणलं. "कायतरी चिरकाय लागलंय वो?"

आंब्रेने स्क्रू-ड्रायव्हर घेतला. टोक टेकवलं, मूठ लावली, डोळे मिटले. धडधड, धडधड, रोजच्यासारखी. वर काही नाही. त्याने मान हलवून खुणेने सांगितलं, चालू दे.

बाजीरावाचा त्याच्यावर विश्वास. तेलाचा डबा घेऊन तो त्याच मशीनच्या कडेला गेला आणि वाकून तेल घालू लागला.

आंब्रे बघत होता. मशीन थांबवलं तर हवेचा दाब पडतो, दाब पडला की सगळ्या प्लांटच्या झडपा मिटतात, दिवसाचा माल जातो. काही निघालं नाही तर साहेब विचारणार, काय ऐकलंस? न थांबवलं आणि बेअरिंग जागीच जाम झालं तर मशीनचा दांडा पोलाद फोडून बाहेर येतो. तो येईल तिथेच बाजीराव वाकला होता. मनगटावरच्या मुक्या घड्याळात नऊ एकेचाळीस झाले. मग नऊ चव्वेचाळीस. त्याने पुन्हा मूठ लावली. पुन्हा काही नाही. जे ऐकू येत नाही ते नाहीच, असं म्हणण्याची सोय आता त्याला राहिली नव्हती. 'रिकाम्या टाकी'त अकरा मिनिटं तो असाच डोळे मिटून बसला होता, आणि खाली मोठ्या ऐटीत पहिला नंबर लिहिला होता.

त्याने बाजीरावाची कॉलर धरून त्याला मागे ओढलं आणि तोंड त्याच्या कानाशी नेलं. "अजून चिरकतंय?"

"वाढलंय की. दात आंबाय लागलेत."

आंब्रेने लाल बटण दाबलं.

अर्ध्या तासात प्लांटमधून चार साहेब धावत आले. तोंडाला येईल ते बोलले. फिटरने झाकण खोललं आणि बोलणी थांबली. बेअरिंग तापून निळं पडलं होतं, गोळ्या धरून ठेवणारा पिंजरा तुटून त्या घरंगळल्या होत्या. मोठ्या साहेबाने सगळ्यांसमोर आंब्रेच्या पाठीवर थाप मारली. "याला म्हणतात कान. अजून पाच मिनिटं, आणि आज प्रेत उचलावं लागलं असतं."

बाजीरावाने तेलाचा डबा जागेवर ठेवला. तो नुसता आंब्रेकडे बघत होता, आणि त्याच्या नजरेत आभार नव्हते. आधी 'चालू दे' अशी खूण कुणी केली होती, हे फक्त त्या दोघांना माहीत होतं.

जेवणाच्या सुट्टीत वैजयंती दळवी मशीन पेटीत भरत होत्या. आंब्रे दारात उभा राहिला.

"बाई, माझी परत घ्या."

"कशाला? उत्तम आहे तुमचं."

"मी तुमच्या कोपराकडे बघत होतो. या वेळी भिंतीकडे तोंड करून बसतो."

बाईंनी टोप्या परत बाहेर काढल्या. त्यांना घाम फुटायची पाळी आता आली होती, कारण आपलं कोपर आजवर कितीजणांनी बघितलं असेल याचा हिशेब त्यांच्या डोक्यात सुरू झाला. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आंब्रेचं बोट सुरुवातीला सहा वेळा वर गेलं. मग गेलं नाही. तो वाट बघत राहिला. बराच वेळ झाला असं वाटून त्याने मागे वळून पाहिलं, तर बाई अजून बटणं दाबत होत्या.

फेब्रुवारीच्या एक तारखेपासून तो स्टोअरला गेला. त्याच्याआधी गेटवर बातमी गेली, ती महाप्याहून घणसोलीला त्याच बसने आली. गोजराला मात्र पटली नाही. पिशाचानेच त्याचे कान खाल्ले, असं तिने जाहीर केलं, आणि हे रूप गावाला जास्त आवडलं.

त्या वर्षी आंब्रेने यादी करायची नाही असं ठरवलं. नोव्हेंबरपर्यंत पाळलंही. सुभाषने आणलेल्या कॅसेटी पिशवीतच होत्या. एका रविवारी यशोदाबाई सुकट निवडायला सूप घेऊन त्याच्याच उंबऱ्यात बसल्या. "काय रं बाला, तुजा वरडनारा गप का?"

"मावशी, अर्धं ऐकूच येत नाही. काय लिहू?"

"मना आयकू येतं ना. लाव."

म्हणून सत्त्याऐंशीची यादी निघाली, आठच नंबरांची. तिसऱ्या नंबरखाली लिहिलं होतं, 'इथे मला काही ऐकू आलं नाही. यशोदाबाई म्हणतात, मांजर पाटाखाली सापडल्यासारखं वाजतं, आणि लवकर संपलं तर बरं.' चार कार्बन घालून ती गेली. सुभाषने बोटीवरून उत्तर पाठवलं, की म्हातारीचं बरोबर आहे.

नंदकिशोर आंब्रेच्या खोलीत पिशाच नव्हतं. कॉम्प्रेसर हाऊसमध्ये बारा वर्षं कापूस न घालता काम केल्याने त्याचे दोन्ही कान हळूहळू जात होते, म्हणून तो दर महिन्याला टेपचा आवाज वाढवत होता.