एक धडा पुढे

राजारामपुरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत क्रोएशियन शिकवणारी मोना स्वतः विद्यार्थ्यांच्या एकच धडा पुढे होती. सकाळी चपात्या लाटता लाटता पाठ करायचं, संध्याकाळी तेच फळ्यावर लिहायचं. इतकी वर्षं तिनं जर्मन शिकवलं. जर्मनला येणारी पोरं आटली आणि क्रोएशियाला हॉटेलात, बांधकामावर जाणारी वाढली, तेव्हा एका एजंटानं विचारलं, "मॅडम, ती भाषा जमंल काय?" ती "जमेल" म्हणून बसली. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नव्हती. तिकडचा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. पुस्तक आणि मोबाइलवरचे उच्चार, एवढ्यावर सगळा डोलारा. उद्या कळलं तर एकही पोरगं खोलीत थांबणार नाही.

आज विशेषणं होती. फळ्यावर तिनं लिहिलं: नोवी स्तोल, नोवा कुचा, नोवो सेलो.

"नवं टेबल, नवं घर, नवं खेडं. नामाचं लिंग बघायचं, तसा विशेषणाचा शेवट. ई, आ, ओ."

"मॅडम, आपल्यात तिन्हीला नवंच की," कबनूरचा आदर्श म्हणाला. यंत्रमाग बंद पडल्यापासून तो तिकडच्या वेटरच्या नोकरीची आस धरून बसला होता. "त्यांनी कशाला तीन केलं?"

"टेबल त्यांच्यात पुल्लिंगी. घर स्त्रीलिंगी."

"घर बाईचं हाय व्हय तिकडं?" आतून सासूबाईंचा, तानाबाईंचा आवाज आला. "मग मलाबी घाला विमानात."

पोरं हसली. मोनाला हसू आलं नाही. पुढचा प्रश्न काय येईल, इकडेच तिचं लक्ष.

प्रश्न आला नाही, फोन आला. वर्गातल्या शबनमच्या मोबाइलवर तिचा भाऊ साद, व्हिडिओ कॉलवर. तो क्रोएशियात स्प्लिट शहरातल्या एका हॉटेलात भांडी घासायचा आणि शबनम पुढच्या महिन्यात तिथंच खोल्या साफ करायला जाणार होती.

"आपा, क्लासात हायस व्हय? थांब, आमच्या किचनच्या बाईंना देतो. मॅडमना बोलू दे की त्यांच्याशी! मला कामापुरतं येतंय नुसतं."

शबनमनं कौतुकानं मोबाइल मोनाच्या हातात दिला. पडद्यावर पांढऱ्या टोपीतली एक जाडजूड म्हातारी.

"दोबार दान," मोना म्हणाली. "काको स्ते?" नमस्कार, कशा आहात, एवढं तिला पाठ होतं.

म्हातारी खुलली आणि सुटली. शेंगांचं पोतं उपडं व्हावं तसे शब्द पडले. मोनाला त्यातला एकही उचलता येईना.

"काय म्हणाल्या, मॅडम?" शबनम खुर्चीतून पुढं सरकली. "माझ्याबद्दल काय बोलल्या?"

सगळं छान आहे म्हणतात, हे वाक्य मोनाच्या जिभेवर आलं होतं. कोण तपासणार होतं? पण समोर शबनम बसली होती, आणि ही पोरगी त्याच हॉटेलात कामाला जाणार होती.

"ने राझुमियेम," मोना फोनमध्ये म्हणाली. "पोलाको, मोलिम." मग वर्गाकडे न बघता मराठीत, "मला समजलं नाही. हळू बोला म्हटलं मी."

"म्हंजे तुमास्नी बी न्हाय कळालं?" आदर्शनं विचारलं.

"नाही."

आदर्शनं पेन खाली ठेवलं. म्हातारी मात्र मान हलवून एकेक शब्द वेगळा करून बोलली, स्वतःचे दंड चोळून दाखवत. तोप्ला याक्ना.

"याक्ना म्हणजे जॅकेट, स्त्रीलिंगी," मोना भराभर म्हणाली. "म्हणून तोप्ला. गरम जॅकेट. तुला घेऊन ये म्हणतात. आणखी काहीतरी वाऱ्याचं, ते मला कळलं नाही."

"साद कधी बोलला न्हाय हे," शबनम म्हणाली.

फोन बंद झाला. कोण उठतंय, याची मोना वाट बघत राहिली. आदर्शनं पाय लांब केले, मान खाजवली.

"मॅडम, ते आधीचं काय म्हणालात? हळू बोला?" शबनमनं वही उलटली. "मला पहिल्या दिवशी तेच लागणार."

मोनानं फळा पुसला आणि लिहिलं: पोलाको, मोलिम. शबनमनं म्हणून पाहिलं, मग आदर्शनं, मग सगळ्यांनी एकदम, ओरडून.

"असं भांडल्यासारखं नको," मोना म्हणाली. 'मोलिम', म्हणजे 'कृपया', या शब्दाखाली तिनं खडूनं रेघ मारली.