स्वरूपाचं बोलावणं

वरकुट्यात एखादी गोष्ट गुपित ठेवायची असेल तर ती कुशाबाईच्या कानावर जाऊ देऊ नये, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. स्वरूपा साळवेला तर चांगलंच ठाऊक होतं. ती कुशाबाईच्याच मांडीवर वाढलेली. आई लहानपणीच गेली, बाप केशव भवानीनगरला कारखान्यात पाळीवर. मग शेजारच्या कुशाबाईनं पोरगी उचलून आपल्या घरात नेली, ती कायमचीच. रविवारी बापाच्या मोटरसायकलवर बसून बारामतीच्या चर्चला जाणारी स्वरूपा सोमवारी कुशाबाईसोबत महादेवाच्या देवळात खोबरं खायला हजर असायची. दोन्हीकडच्या देवांनी कधी तक्रार केली नाही.

तर ह्या स्वरूपाला नन व्हायचं होतं. लग्न नाही, संसार नाही, सगळं आयुष्य देवाला द्यायचं. बारामतीच्या मठातल्या सिस्टर सरोजिनी म्हणाल्या होत्या, "घाई नको. आधी स्वतःला विचार." स्वरूपा वर्षभर विचारत राहिली. भाकरी थापताना विचारायची आणि भाकरी करपायची. हे खरंच देवानं बोलावलंय, की कुशाबाईच्या रानातली भेंडी तोडायचा कंटाळा आलाय? भेंडीनं हाताला खाज सुटते हो, अशानं कुणालाही वैराग्य येईल! पण भेंडीचा हंगाम सरला तरी ओढ काही सरली नाही. तेव्हा तिनं बापाला सांगितलं.

केशव म्हणाला, "तुला वाढवली कुशाबाईनं. तिनं हो म्हटलं तर माझं हो. तिचं न्हाय, तर माझंबी न्हाय."

झालं! आता कुशाबाईला सांगणं आलं. चर्चमध्ये ह्याला 'पाचारण' म्हणतात. कुशाबाईला तो शब्द कुठून कळायचा, म्हणून स्वरूपानं सोपा करून सांगितला आणि तिथंच घात झाला.

"मावशी, मला देवाचं बोलावणं आलंय."

कुशाबाईच्या हातातला लसूण खाली पडला. "कोण म्हणलं? डाक्टर?"

"डॉक्टर कशाला? मलाच आतून जाणवतंय."

"आतून? पोटात का छातीत?"

"छातीत," स्वरूपा हात ठेवून भाबडेपणानं म्हणाली.

कुशाबाईनं असा काही हंबरडा फोडला की गोठ्यातल्या म्हशीनं दावं तोडलं. घटकाभरात सगळी आळी जमली. कुणी बिस्किटाचा पुडा आणला, कुणी अंगारा. गल्लीतले म्हातारे तात्याबा शहाळं घेऊन आले, समोर बसले आणि स्वरूपाकडं बघतच म्हणाले, "लई गुणाची पोर व्हती."

"तात्या, मी हितंच हाय!"

"आसू दे, आसू दे. बोलायचा ताण घेऊ नगंस."

शेवटी स्वरूपा ओरडली, "अहो, मी मरत न्हाय! मला सिस्टर व्हायचंय!"

कुशाबाईनं पदरानं नाक पुसलं. "सिस्टर? दवाखान्यातली? आगं भवाने, मग नीट सांग की! माझं हो हाय! शंभरदा हो! आता म्हातारपणी सलाईन लावाय माणूस घरातच झालं. माझी पोर माझ्या उशाशी!"

तात्याबांनी लगेच बाही वर सारून हात पुढं केला. स्वरूपानं गोंधळून मनगट धरलं.

"काय म्हणती नाडी?"

"चालू हाय."

"बघा! किती बरोबर सांगितलं!" तात्याबांनी आळीला ऐकवलं आणि शहाळं स्वतःच पिऊन टाकलं.

म्हणजे होकार मिळाला. गप्प बसायचं, बॅग भरायची, की काम फत्ते. स्वरूपानं सिस्टर सरोजिनींना फोनवर सगळं सांगितलं. त्या हसून हसून बेजार झाल्या. मग म्हणाल्या, "पण पोरी, हा होकार तुला मिळालाय का गं? तो त्या नर्सला मिळालाय."

फोन ठेवून स्वरूपा दारात आली. कुशाबाई घरोघर सांगत फिरत होती, माझी पोर माझ्या उशाशी राहणार म्हणून. खरं सांगितलं तर मिळालेला होकार जाणार. नाही सांगितलं तर देवाच्या घरी पहिलं पाऊल खोटं पडणार. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती कुशाबाईच्या चुलीपुढं जाऊन बसली आणि नर्स नव्हे, नन, असं सगळं धडाधडा बोलून मोकळी झाली.

कुशाबाईनं चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं केलं. "लगीन न्हाय?"

"न्हाय."

"मंग सासूचा तरी जाच न्हाय."

"एक मदर असतात. त्यांचं ऐकावं लागतं."

"म्हंजे नवरा न्हाय आन् सासू मातुर हाय? ह्यो कसला येव्हार गं?" स्वरूपाला हसू फुटलं, पण कुशाबाई हसली नाही. "आन् ऱ्हायचं तितंच? माझ्यापशी न्हाय?"

"न्हाय, मावशी," स्वरूपा म्हणाली आणि रडायलाच लागली.

"गप. पोरगी द्यायची तर घर बघितल्याबिगर देत नसत्यात."

आणि खरंच, नवं लुगडं नेसून कुशाबाई एसटीनं बारामतीला घर बघायला गेली. मठात तिनं नळ सोडून बघितले, पिठाच्या डब्यात हात घातला, मदरना तुमचा स्वभाव कसा म्हणून तोंडावर विचारलं. आमटीची चव घेऊन म्हणाली, "मीठ कमी हाय. पण माणसं बरी हाईत."

निघताना ती प्रार्थनाघरात शिरली. क्रुसापुढं उभी राहून तिनं हात जोडले आणि तात्याबांशी बोलावं तसं खड्या आवाजात बोलली.

"पोरगी नेतूयास, ने. माझं हो हाय. पर एक ऐक. माझं बोलावणं धाडशील तवा आदी हिला सुट्टी दे. ही उशाशी आल्याबिगर म्या जागची हालत नसते."