पिंटो सरांच्या क्लासातला कौल

मालवणात दोन ओळखीची माणसं भेटली की आधी बाजारात मासे कुठले आले ते, मग पाऊस, मग तिसऱ्याची निंदा. आम्हा क्लासवाल्यांचं तसं नाही. आम्ही भेटलो की थेट पिंटो सर. किती वर्षं तेच किस्से चघळतोय, पण दर भेटीत कोणीतरी एखादा नवीन काढतो, आणि जुने तळलेल्या वड्यासारखे फुगून येतात. मी सांगतो ते न फुगवलेले आहेत. म्हणजे, फारसे नाहीत.

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. बारावीची परीक्षा संपलेली, कॉलेजला अवकाश. बाजारपेठेत एका कापडाच्या दुकानाच्या माडीवर सरांनी कंप्युटर क्लास काढला. प्रोग्रॅमिंग शिकवणार म्हणे. प्रोग्रॅम म्हटल्यावर आम्हाला दशावतारी नाटकाचा ठाऊक! सर शिकवताना पुस्तकी मराठी बोलत आणि चिडले की मालवणीवर येत. त्यामुळे आमचं मालवणी फार सुधारलं.

*

पहिल्या दिवशी दुकानाचे मालक अडून बसले. "गाऱ्हाणा घातल्याशिवाय सुरू करूचा नाय." सर ख्रिश्चन, पण मालवणात देवाला चार शब्द सांगायला कोण नको म्हणतो? मालकांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, ह्या पोरांनी जां शिकूक घेतल्यानी हा, तां पुरा करून घे. काय चुकला-माकला तर पोटात घाल. मशीन चालू रवांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा!" आम्ही ओरडलो, आणि लाईट गेली. पंखा थांबला. तिन्ही स्क्रीन काळे.

मागून आमच्यातला दिनेश म्हणाला, "काका, देवाचा नाव घेतलास, वायरमनाचा रवला."

*

सरांचं म्हणणं, कंप्युटर अगदी बिनडोक असतो, त्याला प्रत्येक पायरी सांगावी लागते. सवय व्हावी म्हणून त्यांनी सोलकढीच्या पायऱ्या लिहायला लावल्या. दिनेशने लिहिलं: खोबरं किसा, रस काढा, कोकमाचं आगळ घाला, प्या.

"आणि मीठ?" सरांनी विचारलं.

"तां आई घालता."

सर रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात 'फंक्शन' लिहिलं. "म्हणजे काय, ते दिनेशने आत्ता सांगितलं. एक काम दुसऱ्याकडे सोपवायचं, आणि ते कसं होतं ते विचारायचं नाही." तो धडा आमच्यातला एकही जण अजून विसरलेला नाही. दिनेशचं लग्न झालं, तरी त्याच्या घरात मीठ अजून दुसरंच कोणीतरी घालतं.

*

माझा पहिला स्वतःचा प्रोग्रॅम पाहुणचाराचा होता. स्क्रीनवर प्रश्न यायचा: आणखी एक वडो घेतंस? 'नको' लिहिलं तर तो परत विचारायचा. 'होय' लिहिलं तर वाढून परत विचारायचा. सरांनी बराच वेळ बटणं दाबली. शेवटी मालवणीवर आले.

"अरे, ह्येच्यातसून भायर कसा पडूचा?"

"सर, आमच्या घरातसून कोण पडाक नाय अजून."

त्यांनी मशीन बंद केलं.

*

आता रेश्माचा सांगतो. रेश्मा देवबागची, वडिलांची होडी. आमच्यात खरी हुशार तीच. आम्ही वेळ घालवायला यायचो, ती शिकायला यायची. तिला कोल्हापूरला कंप्युटरच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, पण वडील हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. "देवाक इचारतंय, मगे सांगतंय," एवढंच. त्यांच्या घरात होडी पाण्यात घालण्यापासून सोयरिकीपर्यंत सगळं कौल लावून ठरायचं. देवाच्या अंगावर पाकळी चिकटवायची, प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. ते काही कौल लावायला जाईनात आणि प्रवेशाचे दिवस संपत आले. रेश्माने डबा खाणं सोडलं होतं. आम्हाला वाईट वाटायचं, पण करणार काय?

क्लासच्या शेवटच्या दिवशी आईवडिलांना बोलावलं होतं. रेश्माने कौलाचाच प्रोग्रॅम केला होता. प्रश्न विचारायचा, बटण दाबायचं, स्क्रीनवर उजवो नाहीतर डावो. एकाचं झालं की बंद करून पुढच्यासाठी पुन्हा चालू.

माझ्या आईने विचारलं, "झील कॉलेजात पास होतलो?" डावो. मालकांनी विचारलं, "औंदा धंदो बरो होतलो?" डावो. दिनेशने विचारलं, "माका नोकरी गावतली?" डावो. लोक हसायला लागले. सर माझ्या कानात कुजबुजले, "दरवेळी नवं उत्तर यावं म्हणून सुरुवातीला एक ओळ घालावी लागते. ती विसरली पोर. आता कोणीही येऊन काहीही विचारू दे, डावोच येणार."

रेश्माचे वडील सगळा वेळ दाराशी हाताची घडी घालून उभे होते. प्रत्येकाचा प्रश्न आणि प्रत्येकाचं उत्तर बघत होते. मग ते पुढे आले. रेश्माचा चेहरा उतरला.

"बाबा, ह्यां बिघाडला आसा. तुमी इचारू नकात."

"बिघडांदे."

त्यांनी देवळात जोडतात तसे हात जोडले. हसणं थांबलं.

"बा म्हाराजा, माझ्या ह्या चेडवाक शिकूक धाडूचा नाय, हयच घरात ठेवूचा, असा तुझ्या मनात आसा काय?"

रेश्मा बटण दाबेना. वडिलांनीच दाबलं.

डावो.

ते वळले आणि आम्हा सगळ्यांकडे बघून म्हणाले, "देवान कौल दिल्यान. बघितलास मा सगळ्यांनी?"

आणि सगळ्यांच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्याने, पिंटो सर म्हणाले, "होय म्हाराजा!"