तंबूतली पिवळी

भाद्रपद लागला की इथे परदेशात, आमच्या नास गावच्या दुकानांत जर्मन सणाची बिअर येते, आणि नेमकं तेव्हाच आमचं पिणं बंद होतं. आधी गणपती, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. दसऱ्यापर्यंत दुकानात एक बाटली उरत नाही. म्हणून मी आणि माझा मित्र ती आधीच आणून माझ्या जिन्याखालच्या कपाटात ठेवायचो आणि दसऱ्याला दुपारी उघडायचो. सहा वर्षं हा नेम चालला. एका ग्लासात बारमाही मिळणारी पिवळी लागर, दुसऱ्यात सणाची तांबूस, पावाच्या खरपूस कडेची चव असलेली. मी वहीत दोघींना गुण द्यायचो. मित्र टर उडवायचा, पण वही सापडली नाही की शोधायला आधी तोच उठायचा.

गेल्या वर्षी एकदाच नेम मोडून म्युनिकला, तंबूंत भरणाऱ्या बिअरच्या मेळ्याला जायचं ठरलं. तिकिटं काढणार, तेवढ्यात त्याचा फोन आला.

"बाबा गेल्यावरचा पहिलाच पितृपंधरवडा आहे रे. तिथे जाऊन पिणं बरं दिसेल का?"

मला लाज वाटली. हे आपल्याला कसं सुचलं नाही?

तिथीच्या दोन दिवस आधी पुन्हा फोन. वॉटरफोर्डच्या प्लांटमध्ये ऑडिट आहे, घरी दुसरं कोणी नाही, तू घास ठेवशील का? मी देवाधर्मातला नाही, तरी हो म्हणालो. बायकोने खीर आणि वडे केले. मागच्या अंगणात कागदी ताटलीत पान मांडून मी भुरभुर पावसात उभा राहिलो. इथे कावळे ढीगभर, पण एक शिवेल तर शपथ. अर्ध्या तासाने शेजारी कोणी बघत नाही ना याची खात्री केली आणि हात जोडले.

"काका, मुलाची काळजी करू नका. मी आहे त्याला."

कुंपणावरचा कावळा उतरला आणि वडा घेऊन गेला. हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

दसऱ्याला तो आला. आपट्याची पानं इथे कुठली, अंगणातल्या हेजच्या कुंपणाची दोन पानं एकमेकांना दिली आणि बाटल्या उघडल्या. मी तांबूस त्याच्यापुढे सरकवली.

"तंबूत ही देतच नाहीत," तो म्हणाला. "तिथे पिवळीच असते. दिसते या लागरसारखी, पण जरा जड लागते."

मी ते वहीत लिहायलाही घेतलं. मग पेन थांबलं.

"तुला काय माहीत?"

"वाचलं कुठेतरी."

"वाचून जड लागत नाही."

त्याने ग्लास खाली ठेवला. "ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेलो होतो. तीन दिवस."

"तिथीला?"

त्याने मान हलवली.

"आणि ऑडिट?"

"नव्हतं." मग एकदम चिडून म्हणाला, "तुझ्याबरोबर प्यायचं म्हणजे परीक्षा असते रे! वही काय, गुण काय. मला एकदा नुसतं प्यायचं होतं."

वहीचं बोलणं झोंबलं, पण तेही मी गिळलं असतं. तोंडावर सांगितलं असतं तर भांडलो असतो आणि विसरलोही असतो. याने गेलेल्या बापाला पुढे केलं. त्या बापाला मी पावसात जेवू घालत होतो तेव्हा हा तंबूत लिटरचा मग उचलत होता. इतका दगा मला आजवर कोणी दिला नव्हता. मी वही मिटली.

तो उठला आणि टेबलावरची गाडीची किल्ली घ्यायला वाकला. त्याचे दोन ग्लास रिकामे झाले होते. मी किल्लीवर हात ठेवला.

"टॅक्सी बोलावतो."

"एवढा राग आलाय, मग माझी काळजी कशाला?"

"तुझ्यासाठी नाही," मी म्हणालो. "काकांना शब्द दिलाय."

त्याला काही कळलं नाही. मीही सांगितलं नाही.