पडाची साक्ष

माझ्या कार्डावर ‘अक्षय ऊर्जा व नियमन’ असं छापलेलं आहे. गावाकडं एवढं कोण वाचत बसतंय. तिथं मी सोलरवाल्यांची वकील. मुंबईत आयोगापुढं वीजदरावर मी तास-तास बोलते आणि बाहेर आले की विसरूनही जाते. विसरता येत नाही तो एकच शब्द, पड.

सातबाऱ्यावर ‘पड’ म्हणजे जिच्यात काही पिकवलं जात नाही ती जमीन. आम्हा मेंढपाळांच्या घरांत पड म्हणजे मेंढरं चरतात ते रान. मलकापूरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवर उघडा माळ दिसला तरी आई म्हणते, “काय झ्याक पड हाय गं!” हे दोन्ही अर्थ ठाऊक असलेली आमच्या ऑफिसात मी एकटीच होते.

आटपाडीकडच्या एका सरकारी माळावर माझ्या अशील कंपनीचा सौर प्रकल्प यायचा होता. माळाला लागूनच माझ्या मामांची वस्ती. त्यांची मेंढरं त्याच माळावर जगायची. जागेच्या पाहणीला पंच म्हणून गावातली जाणती माणसं बोलावली, त्यांत मामाही होते. मला बघून त्यांना कोण आनंद झाला! वस्तीवरून माझ्यासाठी ताक मागवलं. मग अधिकाऱ्यांनी विचारलं, “ही जमीन कशी आहे?”

“पड हाय सायेब,” मामा छाती काढून म्हणाले. “माझ्या आज्यापास्नं पडच हाय. कुणी नांगुर घातला न्हाई, आन् आमी घालू बी दिला न्हाई.”

ते आपला हक्क सांगत होते. हे साहेबांच्या बाजूला फक्त मला कळलं. पंचनाम्याचा मजकूर लिहून द्यायचं काम नेहमीप्रमाणं कंपनीच्या वकिलाकडं, म्हणजे माझ्याकडंच होतं. मी लिहिलं, ‘जमीन पूर्वापार पड असून कोणाच्याही वापरात नाही.’ ‘मामा, पड म्हंजे चरायचं रान ना?’ एवढं मोठ्यानं विचारलं असतं तरी पुरे होतं. जिभेवर आलंही होतं. मी ताक पीत राहिले.

“वाचून दाखवू का?” मी विचारलं, तर मामा हसले.

“भाचीनं लिवलेलं काय वाचून बगायचं?” म्हणाले आणि सही ठोकली.

कुंपणाचे खांब उतरले तेव्हा वस्तीला कळलं. त्यांनी हरकत घेतली, सांगलीत सुनावणी लागली. वस्तीच्या वतीनं मामा उभे राहिले. “आमी मेंढरं कुटं चारायची?” त्यांनी विचारलं. प्रश्न अधिकाऱ्यांना होता, पण बघत होते माझ्याकडं. मी उठले आणि त्यांच्याच सहीचा पंचनामा वाचून दाखवला. आवाज जरासुद्धा कापला नाही. त्या आवाजाची मला आजही किळस येते.

अधिकाऱ्यांनी कागद पुढं केला. “ही सही तुमचीच ना?”

“व्हय, सही माझीच हाय,” मामा म्हणाले. “आन् लिवणारी भाची बी माझीच हाय.”

पहिलं वाक्य मी टिपून घेतलं. दुसऱ्याची प्रकरणाला गरज नव्हती.