नानांचा एक तरी सरळ फोटो

फाल्गुनातल्या एका सकाळी धुळ्याहून सुनीलचा फोन आला, "ताई, नाना गेले गं," आणि मी हसले. आज हे लिहितानाही ओशाळल्यासारखं होतं, पण झालं ते असं झालं. नाना माझे काका, सुनील त्यांचा मुलगा. या बापलेकांनी मला फोनवर किती वेळा बनवलं असेल! मागच्याच वर्षी नानांनी पाणीपुरवठ्याच्या साहेबाचा आवाज काढून माझ्या जळगावच्या घरातली सगळी भांडी, अगदी वाट्यासुद्धा, पाण्याने भरून ठेवायला लावली होती. म्हणून मी म्हटलं, "दे त्यांच्याकडे फोन, ओळखली मी थाप." पलीकडे सुनील काहीच बोलेना... आणि एवढा वेळ गप्प राहणं त्याला एरवी जमलंच नसतं. तेव्हा मला कळलं.

नानांचं धुळ्यात भांड्यांचं दुकान होतं. लग्नाच्या, बारशाच्या भांड्यांवर नावं कोरायचं काम ते स्वतः करत. चष्मा नाकावर, मशीनची टर्रटर्र चालू, आणि चेहरा असा गंभीर की समोरच्याला वाटावं हा माणूस पोथीच लिहितोय. वर नाव अगदी सुबक. खरी गंमत बुडाला असायची, ती सुद्धा जवळच्या माणसांच्याच भांड्यांवर. त्यांच्या मित्राच्या तांब्याखाली कोरलं होतं, "हा तांब्या उसना नेला असल्यास आजच परत करा." माझ्या लग्नात त्यांनी मोठं पातेलं दिलं. सात-आठ वर्षांनी ते माळ्यावरून काढून घासायला माझ्या नवऱ्याने उपडं केलं, तर खाली बारीक अक्षरात, "जावईबापू, आलात का शेवटी?" तो ओट्याशीच हसत बसला. नानांनी इतकी वर्षं कोणालाही त्याची चाहूल लागू दिली नव्हती. विनोद करून लगेच टाळी मागणारे खूप पाहिलेत, पण सात-आठ वर्षं वाट बघणारा हा एकच.

असा माणूस गेल्यावर घरात अडचण झाली ती फोटोची. दहाव्याला सुनीलने घाईघाईत आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. साक्रीहून आलेले एक पाहुणे दारात चपला काढता काढता तो बघून थबकले आणि "घर चुकलं वाटतं" म्हणत शेजारी गेले. माझ्या काकूला आम्ही सगळे अक्काच म्हणतो. तिने ती चौकट हातात घेतली, काच पदराने पुसली, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "हाऊ कोन शे?" हा कोण, असं ती खरंच विचारत होती. मग ती माझ्याकडे वळली. "आखाजीले मना मानूसना फोटू सोधी दे, माय. हाऊ नको."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी आमच्याकडे पितरांच्या नावाने घागर भरतात. वर्षात घरातलं माणूस गेलं असेल तर भाऊबंद आवर्जून येतात, फोटोला हात जोडतात, बायका एकदा मोकळेपणी रडून घेतात. त्या दिवशी घागरीशेजारी तिच्या माणसाऐवजी कोणीतरी परकाच बसलेला असावा, हे अक्काला सहन होणारं नव्हतं. मलाही नव्हतं. मी शिकवते त्या शाळेत रजा टाकून धुळ्याला गेले आणि कपाटावरचा पत्र्याचा डबा खाली काढला.

काय सांगू त्या डब्याचं! मी दिवसभर जमिनीवर बसून होते, जेवणासाठी सुद्धा उठवेना. नानांकडे कॅमेरा होता. श्रावणात कानबाईच्या रोटाच्या सणाला सगळं कुटुंब जमलं की फोटो व्हायचा. मोठे खुर्च्यांवर, बायका मागे, आणि सगळ्यांनी श्वास कोंडलेला. "दम सोडा भो, फोटू काढी रायनू, सुई नही टोची रायनू," असं म्हणत नाना सगळं जुळवायचे, कॅमेरा शेजारच्या शिंप्याच्या हाती द्यायचे, धावत येऊन पुढे पोरांमध्ये मांडी घालायचे आणि ऐन वेळी काहीतरी डोक्यावर चढवायचे. कधी पिठाची चाळणी, कधी कढई, एका वर्षी तर चक्क रांजणाचं झाकण. मागच्यांना ते दिसायचं आणि बटण दाबलं जायचं. त्यामुळे एकेका फोटोत हसू फुटण्याच्या सगळ्या पायऱ्या आहेत. कोणाचे गाल फुगलेत, कोणी पदर तोंडाशी नेलाय, कोणाची टोपी पडता पडता राहिलीये. त्या काळात खान्देशातली इतकी हसणारी माणसं दुसऱ्या कोणाच्या डब्यात असतील असं मला वाटत नाही. फक्त अक्का तेवढी दर वर्षी मागच्या रांगेत ओठ मिटून उभी.

सरळ फोटो एकच सापडला, लग्नातला. बावीस वर्षांचे, गंभीर, मुंडावळ्या बांधलेले नाना. मी नाचतच तो अक्काकडे नेला. तिने बराच वेळ पाहिला. "तवय हाऊ मले बी माहीत नव्हता," ती म्हणाली आणि परत दिला. मग स्वतःच डब्यात हात घालून चाळणीचा फोटो काढला. डोक्यावर चाळणी, खांद्यावर गदेसारखं लाटणं. "हाऊ मना मानूस."

माझे वडील, आबा, नानांचे थोरले भाऊ. निवृत्त हेडमास्तर. मी फोनवर सांगितलं तर ते भडकलेच. "असा फोटूले कोनी हात जोडस का? आन त्यामा आम्ही बठ्ठा जित्ता शेतस, आम्हले बी हार घालशात का?" त्यांचं हाराचं म्हणणं खरंच होतं, फोटोतली बाकी सगळी माणसं जिवंत होती. सुनीलने फोटो कापून फक्त नाना ठेवूया म्हटलं. अक्काने मान हलवली. मागे कोणी नसेल तर त्यांनी चाळणी कोणासाठी घातली, असं तिचं म्हणणं. शेवटी हार घागरीला घालायचा ठरला आणि फोटो बिनहाराचाच शेजारी ठेवला.

आखाजीला आबा आले ते चेहरा आवळूनच. भाऊबंद जमलेले, बायका रडायच्या तयारीने बसलेल्या. आबांनी चष्मा लावला, वाकले, आणि चाळणीच्या वर बोट ठेवून विचारलं, "हाऊ मांगे दात काढी रायना, तो कोन?"

"तुम्हीच, आबा."

ते बघत राहिले. "मी त्या दिन जीभ चावी धरेल व्हती," असं म्हणाले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आम्हाला वाटलं रडताहेत. आबा हसत होते... मग रडायलाही लागले, दोन्ही एकदमच. ते बघून सगळं घर हसलं, आणि मला नानांची आठवण इतकी जोरात आली की मी उठून स्वयंपाकघरात गेले.

संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर अक्का स्वयंपाकघरातच आली. "आते मना बी एक काढी ठेव. नंतर तुमले सोधनं पडाले नको." भिंतीशी उभी राहिली, पदर सारखा केला, ओठ मिटले. मी मोबाइल धरला. तीच ती मागच्या रांगेतली अक्का. "सासरासमोर दात दखाडाना नही, असं सांगेल व्हतं," ती म्हणाली. "तेच तोंडवर बसी गयं." मग मोबाइलकडे बघत म्हणाली, "हसाड ना मले."

नानांसारखं हसवणं मला खरंच येत नव्हतं. सुचेना तसं मी ओट्यावरचं गंज, म्हणजे उभट पातेलं, उचललं आणि डोक्यावर पालथं घातलं. त्यात आमरसाचं विसळलेलं पाणी होतं.

फोटो हललाय, निम्म्या भागावर माझं बोट आलंय. उरलेल्या निम्म्यात अक्का आहे, आणि तिचे सगळे दात दिसताहेत.