मंगळवारची सोबत

सुभेदार शंकरराव चौगुले साहेबांची आणि माझी पहिली गाठ पडली ती जोतिबाच्या डोंगरावर, चैत्र यात्रेत. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन मी तिथे गुलाल-खोबऱ्याचं दुकान चालवत होतो. दुकानासमोर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि मी भर गिऱ्हाइकीत गुलालाच्या पोत्यामागे आडवा झालो. उठलो तर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ शांतपणे खोबऱ्याच्या वाट्या निवडत होते. पाहिलं सगळं होतं, पण तसं दाखवलं नाही. एवढंच विचारलं, "कुठली पलटण, पावणं?"

त्या काळी माझी पत्नी सुनंदा मला झोपेतून उठवताना उंबऱ्याबाहेरून हाक मारत असे. दचकून मी काय करेन याचा भरवसा मलाच नव्हता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. साहेबांनीही काही विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात ते पुन्हा आले आणि म्हणाले, "इचलकरंजीत माझा एक माणूस हाय, दस्तगीर. फौजेत नाईक होता. झोप न्हाय त्याला. दर मंगळवारी कोल्हापुरात डॉक्टरबाईंकडं न्यायला पायजे. माझं गुडघं चालत न्हाईत. तू नेशील?"

सुभेदारांनी सांगितलं म्हणजे हुकूमच. "व्हय साहेब," म्हणालो.

दस्तगीर यंत्रमागावर कामाला होता. मागाच्या खडखडाटात त्याला डुलकी लागे, घरच्या शांततेत मात्र डोळा लागत नसे. डॉक्टरबाई आम्हा दोघांनाही आत बोलावत. सोबत आलेल्या माणसाशीही बोलावं लागतं, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं. दस्तगीरच्या भल्यासाठी म्हणून मी माझंही थोडं थोडं सांगू लागलो.

एका मंगळवारी मला यायला जमणार नव्हतं, म्हणून फोन केला. दस्तगीर उखडलाच. "तुमी न्हाय आला तर कसं चालंल? साहेबांनी तुमास्नी न्यायची जबाबदारी माझ्यावर टाकलीया की! जोतिबावरचा हवालदार एकटा जाणार न्हाय, म्हणाले." मग मीही त्याला साहेबांनी मला दिलेला हुकूम सांगितला. दोघंही इतके हसलो की दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली.

साहेबांना ही युक्ती सुचली ती एका फसलेल्या शिबिरातून. त्यांच्या पलटणीतला एक जिवाभावाचा मित्र निवृत्तीनंतर आतल्या आत खचत गेला. साहेब दर भेटीत "कसा हायस?" विचारत आणि तो "एकदम ठीक" म्हणे. एक दिवस तो राहिला नाही. "विचारायचंच चुकलं माझं," असं साहेब आजही म्हणतात. त्यानंतर त्यांनी मोफत उपचार कुठे मिळतात याचा शोध घेतला. पेन्शनीवर घर चालवणाऱ्याला खासगी डॉक्टर कुठून परवडणार? सरकारी दवाखान्यात मनाच्या दुखण्यावर फुकट इलाज होतो, हे आमच्यापैकी कितीजणांना ठाऊक होतं? साहेब या खिडकीवरून त्या खिडकीवर हिंडले. शेवटी डॉक्टरबाई भेटल्या आणि त्यांनी फौजींसाठी मंगळवारची दुपार राखून ठेवली. साहेबांनी गारगोटीत शिबिर भरवलं. आजूबाजूच्या गावांतले झाडून सारे माजी सैनिक इस्त्रीचे कपडे घालून हजर झाले. कुणी मांडव घातला, कुणी खुर्च्या लावल्या, कुणी चहा वाटला. संध्याकाळपर्यंत डॉक्टरबाईंसमोरच्या खुर्चीवर मात्र एकही जण बसला नाही! सगळे दुसऱ्याच्या मदतीला आले होते.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. साहेब म्हणाले, "फौजी सोतासाठी येत न्हाय. जोडीदाराला घिऊन मात्र येतो." तेव्हापासून ते जोड्या लावतात, आणि जोडीतल्या प्रत्येकाला वाटतं, आपण दुसऱ्याला नेतोय.

साहेबांची माया अशी की घरी आले की आधी सुनंदाशी बोलतात. "पोरी, जेवतो का ह्यो नीट?" असं माझ्यासमोरच विचारतात. आज सुनंदा मला खांद्याला हात लावून उठवते. यापेक्षा मोठं ऋण मला ठाऊक नाही.

परवा काकींनी, म्हणजे साहेबांच्या पत्नींनी, मला बाजूला घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "वरीस झालं, ह्यांना झोप न्हाय. इचारलं की ठीक हाय म्हणत्यात." मी हादरलो. आम्हा सगळ्यांच्या जोड्या लावणाऱ्या माणसाला जोडीदारच नव्हता.

मी साहेबांपुढे उभा राहिलो. "साहेब, मंगळवारी डॉक्टरबाईंकडं जायचं हाय. दस्तगीरला सुट्टी न्हाय. मला एकट्याला जमंना. याल सोबत?"

आपलंच शस्त्र त्यांना ओळखू येणार नाही, असं कसं होईल? साहेब मिशीतल्या मिशीत हसले. "किती वाजता?"

हे सगळं तुमच्या गौरवग्रंथात छापू का, असंही मी विचारलं. "छाप. वाचून आणि चारजण येतील," म्हणाले.

साहेबांनी शंभरी गाठावी असं या ग्रंथात सगळेच लिहितील आणि माझंही तेच मागणं आहे. पण जोतिबाकडे मी आणखी एक मागतो: त्या शंभरीतली प्रत्येक रात्र साहेबांना गाढ झोपेची मिळो. मंगळवारी आम्ही दोघं दवाखान्याच्या बाकावर शेजारी बसलो होतो. आतून हाक आली, "पेशंट कोण?"

साहेब माझ्या आधी उठले.